तीनशे बारा काटे

त्या राज्यात तीस वर्षे कुणी युद्धात मेले नव्हते, आणि राज्याच्या मधोमध असलेल्या खोऱ्यात तीस वर्षे कुणी जन्मलेही नव्हते. पहिली गोष्ट राजवाड्याच्या दारावर कोरलेली होती. दुसरी कुठेच लिहिलेली नव्हती. ती कळायला खोऱ्याच्या कडेच्या खडकाळ उतारावर राहावे लागे.

त्या उतारावर खवल्या मांजरांची वस्ती होती. खणणे हा त्यांचा धर्म, आणि खडकात खणता येत नाही. ती कपारींत अंग दुमडून झोपत. त्यांची नखे न वापरल्यामुळे वाकडी वाढत आणि स्वतःच्याच तळव्यांत रुतत. खाली मऊ, काळी माती पसरलेली दिसे. ती त्यांच्या आज्यापणज्यांची होती.

या वस्तीतून नदीपलीकडे शिकायला गेलेली पहिली मुलगी रुंजी. तिथे पाणमांजरांच्या विद्यालयात सहा वर्षे ती माती वाचायला शिकली. कोणत्या थराखाली काय पुरले आहे, विष किती खोल उतरले आहे, ते बाहेर कसे काढायचे आणि काढल्यावर कुठे ठेवायचे, हे सगळे ती शिकली. दर वर्षी पोपट निरोप आणत, ‘खोऱ्याची सफाई जोरात चालू आहे.’ रुंजीला आनंद होई आणि थोडी चुटपुटही लागे. दोऱ्या ताणून आखलेले चौकोन तिच्या डोळ्यांपुढे येत. तोंडाला ओली फडकी बांधून खणणारे दिसत, जपून वर काढलेला एकेक रांजण दिसे. आपण पोहोचेपर्यंत सगळे काम संपलेले असेल, असे तिला वाटे. निदान शेवटचा रांजण तरी आपल्या हाताला लागावा, एवढीच तिची इच्छा होती.

परतल्यावर तिला दिसली ती झेंडूची कमान. खोऱ्यात दोऱ्या नव्हत्या, खड्डे नव्हते, फडकी नव्हती. जिकडेतिकडे हिरवळ अंथरली होती आणि तिच्यावरून जवादीच्या अत्तराचा जाड, चिकट वास वाहत होता. त्या वासाच्या तळाशी आणखी एक वास होता, पिकलेल्या फणसासारखा. तो नेमका कुठून येतो ते रुंजीला कळेना. नाकात अत्तर भरल्यावर दुसरे काही कळत नाही.

त्या दुसऱ्या वासाची कथा अशी. डोंगरापलीकडच्या राज्याशी युद्ध पेटले तेव्हा दरबाराने खोऱ्यातल्या रहिवाशांना आठ दिवसांसाठी उठवले. ‘आठ दिवसांसाठी’ हेच शब्द होते. मग तिथे विंचवांच्या नांग्या आल्या, सापांचे दात आले, धोतऱ्याचे बी आले. मोठ्या कढयांत ते सगळे शिजवून, निवळून रांजणांत भरले गेले आणि झाकणे लाखेने बंद झाली. झाकण उघडले की गोड वास सुटे. तोंडाला पाणी सुटून जो जवळ जाई, तो पुढचे तीन दिवस स्वतःचीच फुप्फुसे खोकून बाहेर काढी. हे हत्यार एकदाच वापरले गेले. त्या दिवशी वारा फिरला आणि ते वापरणारेच मेले. त्यांची नावे राजवाड्याच्या दारावर नाहीत, कारण दारावर लिहिल्याप्रमाणे तो तह झाल्यानंतरचा दिवस होता.

तह झाल्यावर उरलेले रांजण कुणाला दिसू नयेत म्हणून चाळीस साळिंदरांना हुकूम झाला, दोन दिवसांत सगळे पुरा आणि कुठेही काही लिहू नका. साळिंदरांना लिहिता येतही नव्हते. त्यांनी पुरले. पुढे त्यातले एकोणचाळीस एकेक करून गेले. भिवबा तेवढा राहिला.

सफाई खात्याचा प्रमुख जवादराव नावाचा उदमांजर होता. सगळे अत्तर त्याच्याच अंगातून निघे आणि त्याला त्याचा फार अभिमान होता. पूर्वीच्या प्रमुखांनी खोऱ्याला कुंपण घातले होते. त्यानंतरच्यांनी वरची माती खरवडून ओढ्यात लोटली होती, आणि त्या वर्षापासून ओढ्यातल्या बेडकांचा आवाज बंद झाला होता. जवादरावांनी दोन्ही मार्ग रानटी ठरवले. रोज सकाळी ते स्वतः खोऱ्यात फेरी मारत, प्रत्येक झुडपाला शेपटी घासत आणि परत येऊन पानावर लिहवून घेत, ‘आज मातीला सुगंध आला.’

“ये बाई, ये,” रुंजीला पाहून ते म्हणाले. “बाहेरची पोरं शिकून बाहेरच राहतात. तू आलीस, खात्याला केवढा आधार झाला बघ.”

त्यांनी तिला चौरंग दिला, शाई दिली आणि एका मोठ्या घड्यातून एक लेखणी उपसून दिली. लांब, गुळगुळीत, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची. घड्यात तशा शेकडो होत्या. खात्यातला प्रत्येक कारकून त्यांनीच लिहीत होता.

“किती सुंदर आहे,” रुंजी म्हणाली. “कुठून मागवल्या?”

“मागवायच्या कशाला? खोऱ्यातच पडल्या होत्या. सफाईची सुरुवात तिथूनच केली आम्ही. आधी सगळा कचरा उचलला.”

रुंजी हसली. तिला लेखणी आवडली होती, हातात नेमकी बसत होती. पुढच्या दोन आठवड्यांत तिने अकरा पानांवर सही केली. आधीच्या वर्षांच्या नोंदी तिने वाचल्या. त्या सुवाच्य होत्या. मातीला सुगंध येतो, असे प्रत्येक पानावर होते, आणि येत तर होताच. बारावे पान उद्‌घाटनाच्या दिवशी, महाराजांच्या समोर सही करायचे होते. त्या सहीनंतर खोरे मूळ रहिवाशांना परत मिळणार होते.

उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी तिची आई आणि धाकटी बहीण चिंगी तिला खोऱ्यात घेऊन गेल्या. चिंगीचे तीन महिन्यांचे पिलू तिच्या शेपटीला घट्ट धरून बसले होते.

“ताई, ही बघ आमची जागा,” चिंगी म्हणाली. हिरवळीचा एक तुकडा तिने उचकटून ठेवला होता आणि खाली वीतभर खड्डा केला होता. “अजून दोन हात खणलं की मस्त ऊब लागेल याला.”

“तू आताच खणलंस? अजून परवानगी कुठे आहे?”

“सगळेच खणतायत गं. उद्या दारं उघडली की घुशी येतील आणि चांगल्या जागांवर पसरून बसतील. मग काय तुझं पान त्यांना वाचून दाखवू?”

“तिला काय समजणार?” आई म्हणाली. “ती राहील दरबारात, चौरंगावर. आपल्याला बिळात राहायचंय.” पण हे बोलताना तिचा आवाज कौतुकाने ओला झाला होता.

रुंजी खड्ड्याशी वाकली. तेवढ्यात तिला मुंग्यांची रांग दिसली. काळ्या मुंग्या सरळ रेषेत खड्ड्याकडे येत होत्या. हातभर अंतरावर आल्यावर रांग वळली, मोठे अर्धे वर्तुळ घेऊन पलीकडे गेली आणि तिथून पुन्हा सरळ झाली. मध्ये काही अडथळा नव्हता. मऊ, काळी, रिकामी माती होती.

हे विद्यालयात शिकवलेले नव्हते. हे तिला त्याच्याही आधी, आईच्या शेपटीवर बसून जगत असताना कळले होते. खवल्या मांजरांचे अन्नच मुंगी. मुंगी कुठे जाते हे त्यांच्याइतके कुणाला माहीत नसते. त्यांच्यात पिलाला पहिले वाक्य हेच शिकवतात, मुंगी जिथे वळते तिथे नख घालायचे नाही.

तिने आईकडे पाहिले. आईनेही रांग पाहिली होती. आईने मान दुसरीकडे वळवली.

हिरवळीच्या कडेला एक म्हातारा साळिंदर जमिनीकडे बघत येरझाऱ्या घालत होता. त्याची अर्धी पाठ उघडी होती. तिथली कातडी लाल होती आणि तिच्यातून पिवळे पाणी झिरपत होते. दोनचार माश्या त्यावर बसत, उठत.

“काय भिवबा,” चिंगीने हाक मारली, “पाठीवरचं गेलेलं पीक शोधताय का?”

“तेच शोधतोय पोरी,” तो म्हणाला. “तीनशे बारा होते. एकपण दिसंना.”

“काय तीनशे बारा?” रुंजीने विचारले.

“काटे. आमच्यात रीत आहे. उन्हाळ्यासाठी कंद पुरले की वर आपल्या पाठीतला एक काटा उभा रोवायचा. म्हणजे पुन्हा उकरताना जागा चुकत नाही. रांजण पुरले तेव्हा लिहू नका म्हणाले. काटा रोवू नका असं कुणी म्हणालं नव्हतं. प्रत्येक रांजणावर एक रोवला आम्ही. वाटलं, आज ना उद्या कुणी शहाणं माणूस येईल उकरायला, त्याला सोपं जाईल.” त्याने उघड्या पाठीकडे मान वळवायचा प्रयत्न केला. “या हातांनी ते रांजण उचलले ना, त्यानंतर पाठीवर नवा काटा उगवला नाही. कुणाच्याच नाही.”

रुंजीने खवल्याखाली खोचलेली लेखणी काढली. तिने ती त्याच्यापुढे धरली.

भिवबाने ती घेतली. बराच वेळ फिरवून पाहिली, खालचे टोक नाकाशी नेले. “हा गोंदाजीचा,” तो म्हणाला. “त्याच्या काट्याला बुडाशी तांबूस झाक असायची. पहिला तोच गेला.” मग वर बघून त्याने विचारले, “कुठल्या जागेवरचा आहे हा?”

“माहीत नाही.”

“मग आता हा नुसताच काटा,” भिवबा म्हणाला आणि तो तिला परत दिला.

रुंजी तिथून सरळ खात्यात गेली. जवादराव उद्याच्या समारंभासाठी आलेले पिकले चिकू खात होते. रस हनुवटीवरून गळत होता, आणि तो पुसायला ते ताज्या कोऱ्या पानांतलेच एक वापरत होते.

“रांजण तिथेच आहेत,” ती म्हणाली. “एकही निघालेला नाही.”

“कुठे आहेत ते दाखव. आत्ताच्या आत्ता काढतो.”

“खुणा तुम्हीच उपटल्या.”

“म्हणजे तुला माहीत नाही.” त्यांनी चिकूची बी बोटाने काढून भिंतीकडे फेकली. “भिवबाला आठवत नाही. खात्याला माहीत नाही. जे कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही, ते आहे असं मी लिहू कसं? खोटं लिहायची सवय नाही बाई आपल्याला.”

“उद्या तिथे लोक खणतील. पिलांना घेऊन खणतील.”

“खणू देत की. तीस वर्षं तेच तर मागतायत.” ते जवळ सरकले, आणि अत्तराचा लोट रुंजीच्या तोंडावर आला. “आणि हे बघ, अकरा पानांवर तुझी सही आहे. बारावं खोटं म्हणालीस तर महाराज विचारतील, आधीची अकरा कुणी खरी केली? जाऊ दे. तुझ्या आईसाठी मी वरच्या टेकाडावर आंब्याखालची जागा ठेवलीय. तिला खाली खोऱ्यात नको पाठवूस.”

“खाली का नको?”

जवादराव हसले. दातांत चिकूचा गर अडकला होता. “आपल्या माणसाला आपण चांगल्यातलं चांगलं देतो, म्हणून.”

म्हणजे त्यांना माहीत होते. रुंजी बाहेर आली आणि ओढ्याकाठी जाऊन बसली. मग वाळू घेऊन तिने नखे घासली. अकरा सह्या केलेली नखे. ती घासत राहिली. पण गोड वास आता तिच्या तळव्यांना लागला होता, की आधीपासूनच होता आणि तिला आज कळत होता? गोंदाजीच्या पाठीतून निघालेला काटा तिने दोन आठवडे शाईत बुडवला होता. सुंदर आहे, असे म्हणाली होती. जवादरावांपेक्षा तिला त्या शब्दाची किळस जास्त आली.

दिवे लागायच्या वेळी ती कपारीत परतली तेव्हा सगळ्या वस्तीने बोचकी बांधून ठेवली होती. कुणीतरी गात होते. आईने तिला जवळ बसवले.

“जवादरावांचा माणूस येऊन गेला,” आई म्हणाली. “आंब्याखालची जागा म्हणे. मी सांगितलं, मला माझ्या आईचंच बीळ पाहिजे, खालचं.”

“आई, उद्या मी सही केली नाही तर?”

“तर ही सगळी माझ्या तोंडावर थुंकतील. म्हणतील, पोरगी शिकवली आणि तिनंच दार लावलं.”

“तू मुंग्या पाहिल्यास.”

बाहेर गाणे चालूच होते.

“पाहिल्या,” ती शेवटी म्हणाली. “तीस वर्षं झाली गं या कपारीत. एकदा पाठ सरळ करून झोपले नाही. वाटलं, एखाद वेळेस मुंगीचंही चुकत असेल.”

रुंजीने तिचा हात हातात घेतला. आईची नखे वाळलेल्या शेंगांसारखी वळून तळव्यात शिरली होती.

सकाळी खात्यातले सगळे कारकून हार बांधायला गेले होते आणि दार सताड उघडे होते. रुंजीने घडा उचलून सगळ्या लेखण्या मांडीवर ओतल्या. शाईने माखलेल्या, टोके चावलेल्या, काही कान कोरून पिवळ्या झालेल्या. तिने त्या मोळीसारख्या बांधल्या, पाठीवर घेतल्या आणि ती खोऱ्यात उतरली.

ऊन तापायच्या आधी मुंग्या कामाला लागतात. रुंजी पोटावर झोपून एकेका रांगेच्या मागे सरपटत गेली. रांग वळली की ती थांबे. दुसरी रांग दुसऱ्या बाजूने कुठे वळते ते पाही. दोन्ही वळणांच्या मधोमध, हिरवळ न उकरता, एक काटा रोवी. कोणाचा काटा कोणत्या जागेवरचा, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हते. जो हाताला येईल तो ती रोवत होती. दहावा रोवताना भिवबा येऊन तिच्या शेजारी बसला आणि मोळीतून एकेक काढून देऊ लागला. चिंगीच्या खड्ड्याच्या वरच्या अंगाला बाविसावा गेला.

लोक जमू लागले. बोचकी घेऊन, पिले शेपटीवर घेऊन ते कमानीखाली आले, आणि समोर हिरवळीवर काटे उभे पाहून थबकले. “काय चाललंय हिचं?” कुणीतरी ओरडले. “अहो, आमची जागा तिथे आहे!” एक दगड आला आणि रुंजीच्या पाठीवरच्या खवल्यावर आपटला. खवल्या मांजराला भीती वाटली की त्याचे अंग आपोआप गोळा होते. तोंड पोटात, शेपूट वरून. रुंजीचा कणा तसा वळू लागला. तिने दात आवळून तो सरळ केला आणि त्रेचाळिसावा काटा रोवला.

नगारे वाजले. राज्याचा राजा, वृद्ध वाघ, ठेंगण्या व्यासपीठावर येऊन बसला. व्यासपीठासाठी जवादरावांनी खोऱ्यातली सर्वांत सपाट जागा निवडली होती. जवादराव बारावे पान तबकात घेऊन पुढे आले. अत्तराचा वास त्यांच्याही पुढे आला.

“महाराज, ही आमची रुंजी,” ते मोठ्याने म्हणाले, आणि मग खालच्या आवाजात, “सही कर. काटे नंतर उचलू.”

मोळीत अजून खूप काटे होते. त्यातला तांबूस झाक असलेला रुंजीने निवडला आणि ती व्यासपीठाच्या पायऱ्यांपर्यंत आली. तिने तबकाकडे पाहिले नाही. ती खाली, पायऱ्यांशेजारच्या मातीकडे पाहत होती. सगळ्यांना वाटले, ती नमस्कार करते आहे.

मुंग्यांची एक रांग हिरवळीतून सरळ व्यासपीठाकडे येत होती. लाल गालिच्यापासून दोन हातांवर ती वळली. भोवतीने मोठा वळसा घालून पलीकडच्या बाजूला निघाली आणि तिथून पुन्हा सरळ झाली.

रुंजी पायऱ्या चढली. तिने गालिच्याची कड उचलून मागे दुमडली. महाराजांच्या दोन्ही पंजांच्या मधोमध, फळ्यांच्या फटीतून, गोंदाजीचा काटा टोक खाली करून तिने जमिनीत रोवला. नगारा थांबला. खाली गर्दीत आईने चिंगीच्या शेपटीवरून पिलू उचलून छातीशी घेतले, आणि त्या शांततेत वाघाने, अगदी हळू, एक पंजा वर उचलला.